'पुरवटादार'

मंगळवार, संध्याकाळ. बोरगाव मेघे.

शाळेच्या बाकांची निविदा आज उघडली. निविदा भरणारे आम्ही तिघे होतो, तिघेही कागदपत्रांत पात्र ठरलो. दर उद्या उघडणार. मग जिवाला चैन का नाही?

बाकी दोघांची हमीपत्रं पोर्टलवर पाहिली. दोन्हीत 'पुरवठादार'चं 'पुरवटादार' झालेलं. वाटलं, हे आतून एक आहेत. मग माझं हमीपत्र काढलं. त्यातही 'पुरवटादार'!

तशीच विलासच्या दुकानात गेले. माझी निविदा ऑनलाइन तोच भरतो, हमीपत्रही तोच टाइप करतो.

"त्या दोघांच्याही तूच भरल्या काय?"

"हो ताई. सगळे माह्याकडेच येतात."

"म्हणजे तिघांचेही दर तुले माहीत?"

"माहीत आहेत, त काय झालं? मी कोणाले काऊन सांगू?"

बोलताना त्याने स्क्रीनवरून नजर काढली नाही. खरंच सांगितलं नसेल?

तक्रार लिहायला बसले. 'पुरवटादार' एवढाच पुरावा, आणि तो माझ्याही कागदावर. लिहिता लिहिता हात थांबला. दर भरायच्या दिवशी मीच त्याला विचारलं होतं, "विलास, किती टाकू?" त्याने सांगितला, तोच आकडा मी टाकला.