मनुबाईच्या नावाने

सोमवार, ११ जानेवारी १९४३

काल साताऱ्याहून परतलो. अंग नुसतं आंबलंय. वाटेत दोनदा पोलिसांनी पिशवी उपसली. आत काय, तर चौथीचं भूगोलाचं पुस्तक आणि एक धोतर!

समितीवर मला घेतलंय खरं. चौथीसाठी नवं पुस्तक करायचंय, देशोदेशीच्या लोकांवर. अध्यक्ष विष्णुपंत, सांगलीचे निवृत्त हेडमास्तर. त्यांनी धडे वाटून दिले. माझ्या वाट्याला अरब. जुना धडा मी तिथेच मोठ्याने वाचला. चौदा ओळी. वाळू, तंबू, उंट आणि शेवटी 'हे लोक आळशी व लुटारू असतात.' संपलं! आणि इंग्लंडवर अकरा पानं. राजवाड्यावरचा पहारा कसा बदलतात, तेसुद्धा!

डोकं फिरलं माझं. म्हटलं, "आमच्या एका गावातली एकोणीस माणसं आत्ता त्या मुलखात आहेत. मागच्या लढाईतही होती. बसरा म्हटलं की आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. आणि त्याच पोरांना आपण हे शिकवायचं?"

विष्णुपंत चष्मा पुसत म्हणाले, "मग लिहा की तुम्ही चांगला! पण माहिती कुठून आणणार? तुम्ही कुठं गेलायत?"

वाईहून निघालो तो म्हसवडच्या अलीकडे या खेड्यात येऊन पडलो, एवढाच माझा प्रवास. धडा जूनअखेर द्यायचाय.

रविवार, १७ जानेवारी

मनुबाई पत्र लिहून घ्यायला आली. हिचा एकुलता एक ज्ञानू पलटणीत आहे, बसऱ्याच्याच बाजूला. माझ्या हाताखाली चौथी झालेला. गावातली सगळी पत्रं मीच लिहितो, मीच वाचतो. मास्तर झालं की ते आलंच.

मनुबाईचा मजकूर ठरलेला. "लिवा, आमी खुशाल हाय. तुजी खुशाली कळीव. म्हस व्याली. जिवाला जप." बस्स. त्याचंही उत्तर तसंच येतं. चार ओळी, पाचवी नाही.

आज अर्धा कागद कोरा राहिला आणि माझ्या डोक्यात किडा वळवळला. खाली लिहून टाकलं: तिथली माणसं काय खातात? भाकरी कशी भाजतात? नांगर कसला? घरी पाहुणा आला तर काय करतात? नीट बघून सविस्तर लिही. तुझी आई.

वाचून दाखवताना तेवढं गाळलं. तिनं नेहमीसारखा कागदावरून हात फिरवला नि गेली.

कागद वाया जात होता, इतकंच.

सोमवार, १८ जानेवारी

पत्र टपालात गेलं. घरी बायकोला, शकुंतलेला, बोललो नाही.

रविवार, ७ मार्च

पत्र आलं! दोन पानं! दोन्ही बाजूंनी!

मनुबाई ओट्यावर टेकली, मी वाचत गेलो. "आये, तू इचारलंस म्हणून सुट्टीच्या दिवशी मुद्दाम गावात गेलो. हितं मातीच्या रांजणागत भट्टी आसती. तिच्या आतल्या अंगाला भाकरी थापून चिकटवत्यात. नांगर लाकडाचाच, पर एका बाजूला गाय आन् दुसऱ्या बाजूला गाढव! मी लय हसलो. त्येंनी बी हसून घेतलं. पावना आला तर आदी जेवाय घालत्यात, नाव-गाव मागनं इचारत्यात. एक म्हातारी हाय. हनवटीवर गोंदलंय, आपल्या बायांगत. माज्या हातात खजूर कोंबल्याबिगर सोडत न्हाई."

मनुबाईचा हात आपोआप स्वतःच्या हनुवटीवर गेला.

'तू इचारलंस म्हणून' हे तीनदा आलं पत्रात. तिसऱ्यांदा मी थांबलो. आता विचारणार, मी कवा इचारलं? पण ती म्हणाली, "वाचा की फुडं. थांबू नगा." संपल्यावर पुन्हा पहिल्यापासून वाचायला लावलं.

ती गेल्याबरोबर सगळं वहीत उतरवून घेतलं. गाय आणि गाढव! असलं कुठल्या पुस्तकात सापडणार?

शनिवार, १३ मार्च

शकुंतलेनं वही वाचली. भडकली. "तिच्या तोंडात तुमचे शब्द घालता? लाज नाही वाटत?"

म्हटलं, काम चांगलं आहे. "मग स्वतःच्या नावानं विचारा ना!"

खरं कारण इथे लिहितो. मास्तरनं विचारलं तर पोरगा टाळाटाळ करील. आईनं विचारलं की जाईल.

रविवार, १४ मार्च

उत्तर लिहिलं. म्हशीचं, खुशालीचं. खाली माझं: लग्न कसं लागतं, वऱ्हाड असतं का, नवरीला काय घालतात.

रविवार, २ मे

ज्ञानूचं पत्र. पुन्हा दोन पानं. पण मधेच हे: "गावात वाईट ताप आलाय. उवांनं व्हतो म्हनत्यात. सायबानं गावात पाय ठेवायची बंदी केलीया. पर म्हातारीच्या नातवाचं लगीन हाय, मळणी झाल्यावर. तुला ऐकायचं आसंल तर गपचीप जाऊन येतो. तसं कळीव."

मी वाचलं ते असं: "म्हातारीच्या नातवाचं लगीन हाय, मळणी झाल्यावर. तुला ऐकायचं आसंल तर जाऊन येतो." ताप गाळला. बंदी गाळली. उगाच मनुबाईच्या जिवाला घोर कशाला, असं मनाशी म्हटलं. किती सोज्वळ मी!

उत्तरात 'जाऊ नको' लिहायला घेतलं होतं. दोनच शब्द. पण लग्नाशिवाय धडा लंगडा राहतो. शेवटी लिहिलं, 'जिवाला जप. लग्नाचं तेवढं कळव.'

पोरगा धट्टाकट्टा आहे. ताप काय, आपल्याकडे येत नाही होय?

रविवार, २० जून

पत्र नाही. धडा लग्नावाचूनच पुरा केला.

रविवार, २७ जून

काल साताऱ्याला बैठक. धडा वाचला. भट्टी, नांगर, पाहुणचार, गोंदलेली म्हातारी. दोघे-तिघे मान डोलवत होते. विष्णुपंत शेवटपर्यंत ऐकून म्हणाले, "सुरेख. पण उंट कुठंय?"

म्हटलं, त्या गावात उंट नाहीत. तिथे शेतकरी आहेत.

"असतीलही हो! पण वर तपासणारे विचारतील ना. अरब म्हटला की उंट पाहिजे, तंबू पाहिजे. आणि एका शिपायाच्या पत्रावर आपण पोरांचं पुस्तक करायचं?"

तासभर भांडलो. घसा बसला. निकाल काय? जुना धडा कायम. 'आळशी' काढलं, 'लुटारू' ठेवलं. माझ्या तीन पानांतली एक ओळ घेतली, खजुराची.

शनिवार, २४ जुलै

पोस्टमननं लखोटा सरळ शाळेत आणून दिला. इंग्रजी. सरकारी. ज्ञानू २३ जूनला तापानं गेला. इस्पितळात.

साताऱ्यात मी उंटावरून भांडत होतो, तेव्हा पोराला जाऊन तीन दिवस झाले होते.

मनुबाईकडे मीच गेलो. दुसरं कोण जाणार? लखोटा बघूनच ती खाली बसली. रडली नाही. म्हणाली, "वाचा. काय गाळू नगा." मी शब्द न् शब्द मराठीत सांगितला. मग तिनं जो हंबरडा फोडला!

रविवार, २५ जुलै

कुठला ताप, ते कागदात नाही. ताप काय कशानंही येतो. आज दिवसभर हेच घोकतोय.

रविवार, २२ ऑगस्ट

हंबीरराव रजेवर आलाय. ज्ञानूच्याच तंबूत असायचा. मनुबाईच्या दारात पंधरा-वीस माणसं जमली. मीही गेलो.

हंबीरराव सांगत होता, "लय सांगितलं त्येला. बंदी हाय गड्या, नगं जाऊस. तर खिशातनं पत्र काढून दावलं. म्हनला, आये इचारतीया रं, तिला कळवाय नगं? लग्नात जेवून आला. धा-बारा दिसांनी अंग फणफणलं. मग काय ऱ्हायलंच न्हाई." आणि तिच्याकडे वळून, "मावशे, कशाला गं इचारत बसलीस?"

सगळे तिच्याकडे बघायला लागले. कुणीतरी च्च केलं. मी तोंड उघडलं होतं. देवाशपथ उघडलं होतं! पण आधी तीच बोलली.

"चुकलं माजं, बाबा."

आणि मी बसून राहिलो. माणसं उठून गेली तरी बसून राहिलो, मग घरी आलो. भ्याड! बावीस वर्षं पोरांना 'खरे बोलावे' गिरवायला लावलं.

गुरुवार, २६ ऑगस्ट

शकुंतला बोलत नाही. गाव मनुबाईला बोल लावतंय. विहिरीवर बायका तिच्या तोंडावर बोलतात म्हणे.

शनिवार, २८ ऑगस्ट

आज गेलो. सगळं सांगून टाकलं. प्रश्न माझे, नाव तुझं. धडा, समिती, गाळलेल्या ओळी, बंदी. गावापुढे उभा राहून सांगतो म्हटलं.

ती बाजरी निवडत होती. मान वर केली नाही.

"तुमी इचारत हुतासा, ते ठावं व्हतं मला. म्या न इचारलेलं त्यो सांगाय लागला, तवाच कळलं. पर माज्या खुशालीला त्यो चार वळी धाडायचा, मास्तर. तुमच्या इचारण्याला दोन-दोन पानं आली. म्हणून गप ऱ्हायले. गावाला काय सांगू नगा."

मग सूप खाली ठेवलं.

"बंदीचं तेवढं न्हवतं ठावं."