पॅडवरचा लाल रंग

रविवार, संध्याकाळ

गाडी घरीच पॉलिश करायची हौस, म्हणून सकाळी मशीन बघून आलो. दुकानदार म्हणाला, "नवख्यानं थरथरत फिरणारं घ्यावं. नुसतं गरगर फिरणारं जोरात घासतं. मशीनच्या पॅडला गाडीचा रंग लागला की समजायचं, रंगावरचा पारदर्शक थर गेला." थरथरणारंच घ्यायचं ठरवलं.

दुपारी मेव्हणा संजय त्याचं गरगर फिरणारं मशीन घेऊन सावेडीत आमच्या घरी हजर. "दाजी, नवं कशाला घेताय? हे ठेवा, एकदाच वापरलंय." साधा पाना मागितला तरी चार दिवस टाळणारा माणूस. आजच एवढा उदार?

तो गेल्यावर पॅड बघितलं. कडेला लालसर. माती असेल म्हणून नखानं खरवडलं. माती नव्हती.

संजयची गाडी पांढरी. लाल माझी. मागच्या महिन्यात संगमनेरच्या लग्नात नवरदेवासाठी तीच नेली होती त्यानं. बॉनेटवर चिकटपट्टीनं फुलं लावली होती. परत दिली तेव्हा चकाचक. मीच चार लोकांत कौतुक केलं. पट्टीचे डाग कशानं काढले, ते विचारलंच नाही.

आत्ता खाली जाऊन आलो. बॉनेटच्या कडेला पट्टीएवढा भाग फिका आहे. की मलाच तसं वाटतंय? पण पॅड तर लाल आहेच.

बायको म्हणाली, "किती जीव आहे त्याचा तुमच्यावर. ठेवायचं ना मशीन?"

म्हटलं, ठेवू. पॅड तेवढं धुऊ नकोस.