मुठीत मावेल एवढी भुकटी

मंगळवार, दुपारची पाळी

प्रिय ठमे,

आशीर्वाद, तुला हवे असतील तर. आम्ही सगळे बरे आहोत. आईचा गुडघा आहे तसाच आणि तिचं तोंडही आहे तसंच. तुझी वहिनी रोज म्हणते, "तिची बदली होऊन चार महिने झाले, बहिणीला एक पत्र लिहा." म्हणून लिहितोय. खरं म्हणजे, म्हणून नाही.

गेल्या आठवड्यात नदीचं पाणी आपल्या शुद्धीकरण केंद्रात चहासारखं आलं. मी आपला सवयीने तुरटी वाढवत गेलो. पण गाळ इतका बारीक की खाली बसायचं नाव घेईना. साहेब म्हणाले, "शहराला हेच पाजायचं का?" शेवटी कोपऱ्यातली तुझी, गाळ बसवणाऱ्या पॉलिमरच्या भुकटीची गोणी ओढली आणि तू भिंतीला चिकटवलेला कागद पहिल्यांदा शेवटपर्यंत वाचला.

'दादा, आधी सहा काचपात्रांत चाचणी. भुकटी फिरत्या पाण्यात भुरभुरायची, तासभर मुरू द्यायची. घाई नको.'

मांडली सहा पात्रं. सहाव्यात हात सैल सोडून भुकटी जास्त टाकली होती, ते गढूळच राहिलं. तिसऱ्यात लाख लिटरला दहा ग्रॅम, म्हणजे मुठीत मावेल एवढी भुकटी, या हिशेबाने टाकली होती. बघता बघता गाळाचे तिळाएवढे गोळे झाले आणि खाली बसले. पात्राच्या पलीकडून तुझं अक्षर वाचता आलं. ठमे, तीस वर्षं पाण्यात काढली, असं पाणी पाहिलं नव्हतं. टाकीतही तसंच झालं, आणि तुरटी निम्मीच लागली. मी एकटाच टाळ्या वाजवत होतो.

मग खुर्चीत बसलो आणि तुझ्या बदलीआधीचा तो दिवस आठवला.

त्या दिवशी तू प्रयोगशाळेत होतीस. 'चमचाभर भुकटीने काय होतंय' म्हणत मी अर्धी गोणी एकदम ओतली. वरून चिकट, आतून कोरडे असे गोळे झाले, फिल्टरच्या वाळूत जाऊन बसले आणि अर्ध्या शहराचे नळ दोन दिवस कोरडे राहिले. चौकशीत मी म्हणालो, "बाईंनी सांगितलं तसंच केलं." ठपका तुझ्यावर आला आणि बदलीही तुझीच झाली.

तू माझ्याकडे फक्त पाहिलंस. कागद दाखवला असतास तर मी तिथेच उघडा पडलो असतो. माझ्या निवृत्तीला वर्षच राहिलं होतं, म्हणून गप्प बसलीस ना? लहानपणी तुला सायकल शिकवली म्हणून मी अजून मिरवतो. मोठी तूच निघालीस.

आज सकाळी साहेबांना सगळं लिहून दिलं. प्रत सोबत जोडली आहे. ते म्हणाले, "निवृत्तीच्या तोंडावर हे कशाला?" मी म्हटलं, "पाणी निवळलं साहेब, आता तळ दिसतोय." माझं काय व्हायचं ते होवो. तुझ्या नावावरचा ठपका पुसला जाईल.

तुझा कागद भिंतीवरच आहे. खाली मी एक ओळ लिहिली आहे: 'गोणी मी ओतली होती.' सहीसकट.

परत आलीस तर तुझ्या हाताखाली भुकटी भुरभुरायला तयार असलेला,
दादा