पहिल्या हाकेला ओ

सोमवार, १४ जुलै

पोचलो एकदाचे! अथेन्सहून सहा तास गाडी चालवून कंबरेचा पार भुगा झाला होता, पण बुरूज पाहिला आणि शीण कुठल्या कुठे पळाला. चार मजली दगडी बुरूज, आतून नवाकोरा केलेला, आणि आठवडाभर तो आमचा, तोही फुकट! कुठल्याशा सोडतीत माझं नाव निघालं म्हणून पार्लरच्या पत्त्यावर पत्र आलं होतं. तू कूपन कधी भरलंस, असं माझ्या नवऱ्याने, स्तमातिसने दहादा विचारलं. मी कशाला लक्षात ठेवू? मिळालंय ना, गप बस आणि मजा कर, म्हटलं.

एका मजल्यावरून दुसऱ्यावर जायला जिना नाही, लाकडी शिडी आहे. शिडीने चढायचं आणि छताच्या चौकोनी भोकातून वर निघायचं. स्तमातिसचं पोट त्या भोकात अडकलं तेव्हा मी हसून हसून बेजार झाले. आमची खोली सगळ्यात वर. खिडकीतून समुद्र दिसतो, खाली अंगण, अंगणात अंजिराचं झाड. फोनला रेंज नाही. उत्तम! आठ दिवस कुणाचे केस कापायचे नाहीत की कुणाच्या सुनेच्या कागाळ्या ऐकायच्या नाहीत.

मालकीण गरिफल्या उंच, ताठ, नखशिखांत काळ्या कपड्यांतली बाई. सगळं गाव तिला मावशी म्हणतं, मग आम्हीही मावशी. संत्र्याची साल घालून धुरावलेलं डुकराचं मांस, ताजं चीज आणि स्वतःच्या झाडांचं ऑलिव्ह तेल तिने पुढ्यात ठेवलं. स्तमातिस पाव बुडवून बुडवून खात होता. एक गंमत म्हणजे मावशीला हाक मारली तर ती वळतच नाही. दुसरी हाक मारली की लगेच येते. बहिरी असणार, असा स्तमातिसचा निष्कर्ष.

मंगळवार, १५ जुलै

सकाळी समुद्रात मनसोक्त डुंबलो. दुपारी मावशीजवळ शेंगा सोलत बसले आणि कळलं की ती अजिबात बहिरी नाही. या गावात पहिल्या हाकेला कुणीच ओ देत नाही. पुरूनही ज्याच्या देहाची माती झाली नाही असं मेलेलं माणूस दुपारच्या झोपेच्या वेळी येतं आणि नाव घेऊन हाक मारतं, पण त्याला एकदाच हाक मारता येते. ओ दिली की संपलं. म्हणून जिवंत माणसाने दोनदा हाक मारायची, आणि ऐकणाऱ्याने दुसरीची वाट पाहायची. माझी आजीसुद्धा असलंच काहीतरी सांगायची. स्तमातिसला हे कळल्यावर चेवच चढला. दाराआडून एकदाच माझं नाव घेतो आणि लपून बसतो, मेला!

मग मावशीने तिच्या लेकीचं सांगितलं. रोदांथी, एकुलती एक, एकोणीस वर्षांची. पुरून तीन वर्षं झाली, म्हणून शनिवारी हाडं वर काढायची, वाइनने धुवायची आणि पेटीत भरून चर्चमध्ये ठेवायची. माझ्या आजोबांचं असंच केलं होतं आम्ही. वेणी सोडवायला शिकलेला हात हवा, तू केशकर्तनवाली आहेस ना, तू ये, म्हणाली. येईन म्हटलं, नाही कसं म्हणणार? आणि मग आपलं बोलायचं म्हणून विचारलं, कशाने गेली?

कलामाताच्या रस्त्यावर गाडीने उडवलं, म्हणाली. भर दुपारी. गाडी थांबलीच नाही.

माझ्या हातातल्या शेंगा खाली सांडल्या. मावशीने एकेक वेचून मला परत दिली.

बुधवार, १६ जुलै

आता इथे तरी खरं लिहिते. गाडी मी चालवत होते. तीन वर्षांपूर्वी, कलामाताहून लग्न आटपून परत येताना. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. मी स्तमातिसशी भांडत होते, त्याच्या आईवरून, नेहमीचंच. वळणावर ती पोरगी समोर आली. डावा आरसा तुटून पडला. मी ब्रेक दाबला, आणि स्तमातिस म्हणाला, चल, थांबू नकोस, येईल कुणीतरी मागून. आणि मी गेले. त्याने सांगितलं म्हणून गेले, असं तीन वर्षं स्वतःला समजावत आलेय. पण पाय माझा होता.

स्तमातिस म्हणतो, योगायोग आहे, आता पळालो तर उलट संशय येईल. मी हट्टच धरला तेव्हा गाडीकडे गेलो. दोन टायर बसलेत. दुरुस्त करणारा शनिवारी येणार म्हणे.

गुरुवार, १७ जुलै

मावशीच्या अंगणात आज गावच्या सात-आठ बायका जमल्या. शनिवारच्या आधी मेलेल्याचा विलाप गायची इथली रीत आहे. जिचं माणूस गेलं तिने जागच्या जागी ओळी रचायच्या, बाकीच्यांनी शेवटचा शब्द उचलायचा. आम्हीही बसलो, उठून जाणं बरं दिसलं नसतं.

मावशी अंजिरं चिरत होती आणि गात होती. पांढरी गाडी. डावा आरसा. आत दोघं. चालवणाऱ्या बाईच्या गळ्यात लाल रुमाल. त्या आरशाचा तुकडा घेऊन मी अथेन्सची गॅरेजं पालथी घातली, तीन उन्हाळे. ज्याने नवा आरसा बसवला तो मला भेटला, लेकी, आणि त्याला ती दोघं, तो लाल रुमाल आणि त्या बाईचं नाव पाठ होतं. तुझ्या वाटेवर काटे टाकणाऱ्यांच्या घराला टाळं लागो. त्यांच्या नावाने रडायला कुणी न उरो.

सोडत नव्हतीच. मी कूपन भरलंच नव्हतं.

एकीनेही माझ्याकडे पाहिलं नाही. गाणं संपलं, मावशीने मला कॉफी दिली आणि साखर पुरे का विचारलं. तो लाल रुमाल माझ्या बॅगेत आहे. मला तिचा राग येतोय, खरंच येतोय. पोलिसांकडे जा ना बाई! बेड्या घाल आम्हाला! हे काय खेळवणं चालवलंय?

स्तमातिस म्हणतो, म्हातारीजवळ पुरावा असता तर गात बसली नसती. उद्या पहाटे चालत मोठ्या रस्त्याला लागू.

शुक्रवार, १८ जुलै

निघालो नाही. माझा पाय शिडीवरून घसरला, घोटा टम्म सुजलाय. तू एकटा जा म्हटलं, तर तो थांबला. एवढ्यासाठी तरी त्याला भला म्हणायला हवं.

दुपारी दोघं आडवे पडलो होतो. मी जागी होते. खालून हाक आली — स्तमातिस. कोवळा, बाईचा आवाज. तो अर्धवट झोपेत होता. त्याला वाटलं मीच. काय गं, म्हणाला.

मी त्याच्या शेजारी होते. माझा हात त्याच्या छातीवर होता. मी त्याच्या तोंडावर हात दाबला, पण शब्द बाहेर पडून गेला होता. दुसरी हाक आलीच नाही.

तेव्हापासून बोलत नाही. अंग बर्फ. एकदाच म्हणाला, अंजिराखाली उभी आहे, आणि वेणी घातलीय.

शनिवार, १९ जुलै

सकाळी दोन बायकांनी धरून मला कबरीपाशी नेलं. स्तमातिस डोळे उघडे ठेवून पडला होता, उठला नाही.

उघडलं — हाडं नाहीत. अख्खी मुलगी. गाल, पापण्या, सगळं. कुणी ओरडलं नाही, मावशीने नुसता कंगवा माझ्या हातात दिला. मी वेणी सोडली. केस मऊ होते. तीन वर्षांनी — धुतल्यासारखे मऊ. माझे हात आपोआप काम करत होते.

मावशीने एकच विचारलं. डॉक्टर म्हणाले, संध्याकाळपर्यंत जिवंत होती. मग तिने हाक मारली का? कुणाला तरी?

मी म्हटलं, मला काय माहीत.

बरं, म्हणाली.

बायकांनी मला बुरुजात परत आणून वर चढवलं. खाट रिकामी. खाली वाकून पाहते तर शिडी काढलेली. स्तमातिस, स्तमातिस — दोनदा ओरडले. दहादा.

दिवस कलल्यावर खालून मावशी बोलली, शांतपणे. आम्ही मुलीला चर्चमध्ये हलवलं. कबर रिकामी उघडी ठेवत नाहीत आमच्यात. तुझा नवरा आपल्या पायांनी चालत आला. आत आडवा झाला. आम्ही फक्त माती लोटली.

त्याच्या बाजूला आणखी एक खणलीय, म्हणाली.

रविवार, २० जुलै

पाणी नाही. खिडकी — उडी मारली तर दगड.

खाली मावशी खुर्ची टाकून बसलीय. बाकी गाव निजलंय. भर दुपार.

मी खिडकीतून सांगितलं तिला. सगळं. ओरडून सांगितलं. हो, मारली होती हाक. आरसा फुटल्यावर, मी थांबले होते तेव्हा. ताई, म्हणाली. एकदाच. ऐकली मी. ऐकून गाडी पुढे काढली. घ्या. हेच हवं होतं ना? आता शिडी लावा —

मावशी रडली. पहिल्यांदाच. मग डोळे पुसले, म्हणाली, मला कशाला सांगतेस? जिने हाक मारली तिला ओ दे. तेवढ्यावर तिची माती होईल.

नाही देणार. कान दाबून बसेन. रात्र झाली की —

शिडी लागली. कुणी लावली? मावशी खुर्चीतच आहे.

पहिल्या मजल्यावर पाय. अनवाणी.

दुसऱ्या.

दुसऱ्या हाकेची वाट पाहायची. फक्त दुसरीची. एवढंच लक्षात —

ताई.

तोच आवाज. अगदी तसाच. रस्त्यावरचा.

दुसरी नाही येत. तेव्हाही आली नव्हती.

बाई गं, किती वाट पाहिली असेल हिने त्या रस्त्यावर — संध्याकाळपर्यंत —

माझं तोंड उघडतंय. मी दाबून धरलंय, तरी — ओ —