आधी त्यानं, मग मी

अणदूर, मंगळवार, संध्याकाळ

विहीर सामाईक. मोटरचा स्टार्टर काकांच्या कुलपात, पाइपलाइनचा व्हॉल्व्ह बाबांच्या. दोन्ही उघडल्याशिवाय कुणाच्याच कांद्याच्या रोपांना पाणी नाही. बांधावरून भांडण झाल्यापासून बाबा म्हणतात, "आधी त्यानं मोटर सुरू करावी." काका म्हणतात, "आधी दादानं व्हॉल्व्ह उघडावा." रोपांनी माना टाकल्या.

माझ्या कामात याला डेडलॉक म्हणतात. दोन प्रोग्रॅम एकमेकांची वाट बघत अडकून पडतात, आणि चूक दोघांचीही नसते. मग जो बंद केल्यानं कमी नुकसान होईल, तो मी बंद करते. फार विचार करत नाही.

आज खिळ्यावरची व्हॉल्व्हची चावी काढून मीच काकांना नेऊन दिली. त्यांनी विचारलं, "बापानं पाठवलं का गं?" मी "व्हय" म्हणाले. मोटर लगेच सुरू झाली.

मघाशी काका दोन शेजाऱ्यांना घेऊन घरी आले. "दादा, नमलात बघा शेवटी. पोरीच्या हातनं चावी पाठवलीत." बाबांनी रिकाम्या खिळ्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं. नाही म्हणाले असते तर चारचौघांत मी खोटी ठरले असते. ते म्हणाले, "व्हय, पाठवली."

नमवायला मी बाबांना निवडलं, कारण ते मला माफ करतील असं मी धरून चालले होते. याला कमी नुकसान म्हणतात का?

सगळे गेल्यावर बाबा एवढंच बोलले, "पुढच्या बारीला मला इचार. म्या न्हाय म्हणंन. पण इचार."