एका रात्रीच्या मुक्कामासाठी

३ ऑगस्ट १९६४

पोचले एकदाची! साप्रीहून ड्रायव्हर गास्पारेच्या बसने आले. वळणावळणाचा रस्ता, एका बाजूला डोंगर आणि दुसऱ्या बाजूला थेट समुद्र. आमच्या डोंगरातल्या मूरो गावात समुद्र फक्त चर्चमधल्या चित्रात होता, त्यामुळे मी बसमध्ये उभीच होते. गास्पारे म्हणाला, बसून पाहिलंस तरी तेवढाच दिसेल.

मालकीणबाई आर्जीया दारातच उभ्या होत्या. दणकट, काळ्या कपड्यांतल्या, हसऱ्या. माझी पिशवी हातात तोलून म्हणाल्या, "एवढंच? यात कपडे आहेत की नुसती हवा?" खाली खानावळ आणि वर उतारूंच्या खोल्या. नेपल्सकडून गाडी घेऊन फिरायला निघालेले लोक इथे एक रात्र मुक्काम करतात आणि पुढे दक्षिणेला जातात. खोल्या लावायच्या, जेवण वाढायचं, टेलिफोन घ्यायचा, एवढं माझं काम. मला त्यांच्या मुलीची खोली मिळाली आहे. मेना नेपल्सला शिवणकाम शिकते म्हणे. खिडकीतून अंगण आणि रस्ता दोन्ही दिसतात.

रात्री तळलेले मासे आणि तिखटजाळ सॉसेज. इतकं खाल्लं की लाज वाटली.

५ ऑगस्ट

इथे दुपारच्या जेवणानंतर सगळं गाव मरतं. या वेळेला ते ‘कोंत्रोरा’ म्हणतात. टळटळीत उन्हात कुत्रंसुद्धा बाहेर दिसत नाही. या वेळी फिरणारा माणूस माणूसच असेल असं नाही, असं आर्जीयाबाई म्हणतात. मी हसले. त्या हसल्या नाहीत.

त्याच वेळी टेलिफोन वाजला. आग्रोपोलीहून कोणी सिन्योर वालेंती. आवाज फार गोड, शिकलेला. ते आणि त्यांची बायको सावकाश गाडीने येत आहेत, पंधरा तारखेच्या मेरीमातेच्या सणाआधी एक रात्र आमच्याकडे थांबतील. खोली समुद्राकडची आहे का, जेवणात काय असतं, सगळं विचारलं. मग माझं नाव. एर्सिलिया म्हटल्यावर म्हणाले, वा, आमच्याकडे या नावाची कोणी नाही.

कुठे नाही, ते मी विचारलं नाही.

७ ऑगस्ट

आज फोन पालिनूरोहून. पुन्हा कोंत्रोरातच. या वेळी चौकशी जास्त माझीच होती. झोप लागते का, घरचे पत्र पाठवतात का. मी ठणकावून सांगितलं की भाऊ तोरिनोला कारखान्यात आहे आणि तो अंगाने चांगला दांडगा आहे. हसून म्हणाले, पण तोरिनो लांब आहे, सिन्योरिना.

आर्जीयाबाईंना सांगितलं. त्या मिरच्या दोऱ्यात ओवत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "श्रीमंत माणसं, वेळ जात नाही त्यांचा. गोड बोलावं, आपलं काय जातंय?" मग थोड्या वेळाने, अगदी सहज: भाऊ इकडे येणार आहे का यंदा?

कपाटात मेनाचे बूट आहेत. हिवाळ्याचा कोटही. नेपल्सला हिवाळा नसतो का?

१० ऑगस्ट

गास्पारेने बातमी आणली. पालिनूरोच्या एका खानावळीतली वाढपी मुलगी नाहीशी झाली. साप्रीतलीही एक, कालच. तो डोळा मारून म्हणाला, "ऑगस्टात पोरींना पाय फुटतात." खानावळीतले सगळे हसले. आर्जीयाबाईंनी मात्र त्याच्यापुढची सुरई उचलून आत नेली, अर्धी भरलेली असताना.

काल वालेंतींचा फोन साप्रीहून होता.

मी हे मोठ्याने म्हटलं. कोणी माझ्याकडे पाहिलं नाही.

११ ऑगस्ट

मारातेआहून. इथे यायला आता त्यांना फक्त घाट उतरायचा.

मी सांगितलं की खोल्या भरल्या आहेत, सणाची गर्दी आहे, माफ करा. ते जराही रागावले नाहीत. म्हणाले, "पण तुमची खोली मोकळी होते आहे ना?"

रिसीव्हर आदळला. मागे वळले तर आर्जीयाबाई जिन्यात उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. विचारलं त्यांना, हा माणूस कोण. त्या म्हणाल्या, गिऱ्हाईक. आवाज त्यांचा नव्हताच जणू.

उद्या सकाळच्या बसने जाते.

१२ ऑगस्ट, सकाळ

बस थांबली नाही. मी रस्त्याच्या मधोमध उभी होते, हात करत. गास्पारेने माझ्या बाजूने गाडी काढली, इतक्या जवळून की त्याचा घामेजलेला चेहरा दिसला. तो समोर बघत होता.

आर्जीयाबाईंनीच सांगितलं होतं त्याला, थांबू नकोस म्हणून. आता सगळं बोलल्या. चुलीजवळ खाली बसून, गुडघ्यांवर डोकं ठेवून. मेना नेपल्सला नाही. गेल्या ऑगस्टात वालेंती नवरा-बायको इथे राहिले आणि सकाळी मेना नव्हती. पोलीस म्हणाले, पळून गेली असेल कोणाबरोबर. मग हिवाळ्यात वालेंतीचा फोन आला. ती मजेत आहे, परत हवी असेल तर तिच्या जागी कोणीतरी लागेल. घाई नाही, म्हणाला, पुन्हा येऊ तेव्हा.

"तुला कामाला नाही बोलावलं मी," त्या म्हणाल्या. "तुला आणलं." आणि मग म्हणाल्या, "तुला मूल नाही. तू शिव्या दे मला. पण तुला कळायचं नाही."

मी शिव्या दिल्या. त्यांनी ऐकून घेतल्या.

दुपार

चालत निघणार होते. चौकातूनच परत आले. दारं बंद, झडपा बंद. गाव झोपलेलं नाही, झडपांच्या फटींतून बघतं आहे. पुढे नुसता रस्ता, ऊन, आणि ती गाडी कोणत्या वळणावर—

खोलीत आले. कडी लावली. पलंग दाराला लावला. खिडकीशी बसून लिहिते आहे.

इंजिन.

मलईच्या रंगाची मोठी गाडी. अंगणात उभी आहे. पुढे तो, टोपी घालून. शेजारी बाई. मागे मुली. वाढप्याचे ॲप्रन घातलेल्या, ताठ बसलेल्या. एवढ्या उन्हात एकीलाही घाम नाही. एकीच्या गालावर माशी बसली आहे, ती उडवत नाही—

आर्जीयाबाई धावल्या. मेना, मेना. काचेवर हात आपटतात. कडेची मुलगी वळूनही पाहत नाही.

आता तो माझ्या खिडकीकडे बोट करतो. त्यांना विचारतो आहे.

आर्जीयाबाईंनी वर पाहिलं. माझ्याकडे. मान हलवली, नाही. नाही म्हणाल्या त्याला! गाडीचं दार उघडलं, मेनाला ओढून बाहेर काढलं, तिचे केस सारखे केले, आणि—

स्वतः आत बसल्या.

गाडी गेली. वळणावरून खाली गेली, मी पाहिली. देवा. देवा.

मेना अंगणात उभी आहे. कोणीतरी तिला सावलीत घ्यायला हवं. घराकडे येते आहे. जिना.

दार वाजवते. हळू. "आई, ऊन लागतं गं."

मी पलंगाला पाठ लावली आहे.

"आई."

तिची आई हिच्यासाठी त्या गाडीत बसली आणि मी कडी लावून बसू? पलंग सरकवते. हिला पाणी तरी—

उघडलं. दारात आहे. मेनाच. हसते. मी म्हटलं, ये, आत ये, पाणी देते. ती म्हणते, नको, तूच चल, सगळ्या थांबल्यात.

सगळ्या गेल्या, मी म्हटलं. मी पाहिली गाडी जाताना, मी स्वतः—

खाली हॉर्न