शेपटीकडून ओळख

तीर्थरूप मामांस,

तुमच्या भाच्याचा साष्टांग नमस्कार (जागा कमी असल्यामुळे तो मनातल्या मनात घातला आहे). तुमची प्रकृती ठीक असावी. मामींच्या गुडघ्याला शेकाने उतार पडला का? आम्ही इकडे सर्व सुखरूप आहोत, निदान हे वाक्य लिहीपर्यंत तरी. आधी विचारपूस, मग काम, ही तुमचीच शिकवण, म्हणून क्रमाने लिहितो.

शाळेमागच्या गवतात सापाची कात सापडली, तेव्हा मोठ्या बाईंनी ठरवले की शिशुवर्गाला सापांचे प्रकार शिकवायचे. वर्गाच्या बाई रजेवर. राहिलो मी मदतनीस, म्हणजे नाके पुसणारा आणि चपलांच्या जोड्या लावणारा. मी म्हटले, माझे शिक्षण सातवीपर्यंतच. त्यावर मोठ्या बाई म्हणाल्या, "सापांचं तेवढंही झालेलं नसतं. नीट शिकवलंत तर तुम्हाला कायम करायचं बघू." मामा, तुमचे आयुष्य साप धरण्यात गेले, तुम्हाला हे कळायचे नाही, पण मला शिंप्याची टेप पडलेली दिसली तरी घाम फुटतो.

चित्रांचे तक्ते आले. त्यातला प्रत्येक साप माझ्याकडेच बघत होता. (तक्ते भिंतीकडे तोंड करून ठेवले, तर तिकडे आता काय चालले असेल ही नवी काळजी.) शेवटी प्रत्येक चित्राच्या डोक्यावर कोरा कागद चिकटवला, चारी कडा सरळ कापून, आणि शेपटीकडून शिकवायला घेतले. आखूड शेपटी, अंगावर साखळी, ती घोणस, विषारी. काळ्या अंगावर बारीक पांढरे पट्टे, तो मण्यार, विषारी. लांब शेपटी, तिच्यावर काळी जाळी, ती धामण, बिनविषारी. मुले अशी तयार झाली की मोठ्या बाई दारातूनच मान डोलावून गेल्या. एका मुलाला आम्ही शंकासुर म्हणतो. त्याने तेवढे विचारले, "सर, नागाचा फणा कुठे असतो?" मी सांगितले, "कागदाखाली."

आज मोठ्या बाई सभेला गेल्या. मुले चित्रे रंगवत होती आणि खेळण्यांच्या कपाटाखालून एक डोके बाहेर आले. जीभ आत, जीभ बाहेर. मुलांनी पाहिले आणि पुन्हा रंगवू लागली. वर्गातली सगळ्यात लहान, आमची चिमणी, उठून त्याच्यासमोर उकिडवी बसली आणि तिने हिरवा खडू पुढे केला. मी ओरडलो, "मागे हो, साप आहे तो." (आवाज मला वाटला तेवढा निघाला नसावा.) ती म्हणाली, "नाही हो सर. याला शेपटी कुठंय? बेडूक आहे."

"लांब बेडूक," शंकासुराने दुजोरा दिला.

तेव्हा मला कळले की मी काय शिकवून बसलो आहे. तिचा हात आणि ते डोके यांत वीतभर अंतर होते. कसा कोण जाणे, तिला काखेत मारून मागे आलो. ती रडली, कारण खडू तिथेच राहिला. नोकरीचे काय व्हायचे ते होवो, पण तक्त्यांवरचे कागद मी आता काढणार. मुलांनी डोळे उघडे ठेवून बघावे, मी मिटून शिकवीन.

मामींना नमस्कार, लहानांना आशीर्वाद. अक्षर हलले असल्यास टेबल हलते आहे असे समजावे.

तुमचा आज्ञाधारक
भाचा

ता. क. टेबल खरेच हलते आहे, कारण त्यावर मी आणि सगळा शिशुवर्ग उभे आहोत. साप अजून कपाटाखालीच आहे, कपाट दाराला लागून आहे आणि माझा फोन दारामागच्या पिशवीत आहे. हे पत्र खिडकीच्या गजांतून शाळेच्या माळीदादांकडे देतो. तोंडी निरोप मुद्दाम दिला नाही. ते दोरीचाही अजगर करतात आणि तुम्ही उगाच मोठे पोते शोधत बसाल. गल्लीच्या टोकापासून इथवर यायला कितीसा वेळ लागतो? काठी घेऊन याल का? आंघोळ राहिली असेल तर राहू द्या.

ता. क. दुसरा. साप आता वळला आहे. डोके कपाटाखाली, शेपटी बाहेर. सगळा वर्ग एका सुरात "धामण, बिनविषारी" म्हणतो आहे आणि खाली उतरायची परवानगी मागतो आहे. शेपटी लांब आहे, जाळीही दिसते. पण मामा, यांना शिकवले आहे मी. धावत या.